साधं की पॉवर?

दिवसातून तीनशे वेळा विचारते,
साधं की पॉवर?
पाचशेचं की फुल?
झिरो बघा.

मिरज रोडला, विश्रामबाग सोडलं की आमचा पंप.
शर्टावर कंपनीचं नाव मोठं,
माझं बारीक, तेही चुकलेलं.
वैजयंतामधला 'य' शिवणाऱ्यानं कुठं सांडला
त्यालाच ठाऊक.

उत्तरावरून माणूस कळतो म्हणतात.
मला फक्त महिना कळतो.
तासगावचा एक पोरगा एप्रिलात पॉवर म्हणतो,
द्राक्षाचे पैसे खिशात असतात.
ऑगस्टात दोनशेचं साधं.
गाडी तीच.
परवा एका अल्टोत पाचजण, पोरगी बघायला निघालेले,
म्हणाले, आज भारीतलं टाका ताई.
जणू पोरीकडचे टाकीत वाकून बघणार होते.
शंभर नंबरी सोनं असतं, तसं पेट्रोलही निघालंय,
मोठ्या शहरात मिळतं.
आमच्याकडं विचारणारे येतात, घेणारे नाहीत.

ट्रेनिंगला साहेब आले होते एकदा.
एक तास, एक समोसा.
बाकी सगळं विसरले, एवढं राहिलं:
ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे.
कितीही दाबलं तरी ठिणगी पडेपर्यंत
न पेटण्याचा तो आकडा.
ज्या इंजिनात दाब जास्त, त्याला मोठा आकडा लागतो.
बाकीच्यांनी उगाच पैसे घालू नयेत.
(हे शेवटचं बाहेर बोलू नका, म्हणाले.)
मागच्या बाकावरून उर्मिला पुटपुटली,
मग आपलं किती असंल गं?

त्या रात्री हिशेबात साडेतीनशे कमी भरले.
मॅनेजर चारचौघांत बोलला.
मी पाइप जागेवर टांगला, हात पुसले.

पहाटे चारला मकबूलभाई सतारमेकर आले.
जुनी झेन, मागच्या सीटवर दोन तंबोरे
रजईत गुंडाळलेले,
तापानं फणफणलेली पोरं दवाखान्यात न्यावी तसे.
पुण्याला निघाले होते.
म्हणाले, महिना झाला महागडं घालतोय,
तरी येताना खंबाटकीला टकटक करते.
कशी टकटक?
त्यांनी नखानं टपावर वाजवून दाखवली.
लयीत नाही,
समेच्या किंचित आधी.

गाडीचं पुस्तक आहे का म्हटलं.
डॅशबोर्डच्या खणात निघालं,
जवारीच्या दोऱ्याची गुंडी, दोन खुंट्या,
ईदची यादी, त्याखाली पुस्तक.
टॉर्चच्या उजेडात पान सापडलं: सत्त्याऐंशी पुरे.
साध्यातच एक्क्याण्णव आहे भाई.
घाट कुठल्या गियरवर चढता?
चौथ्या. तिसऱ्यावर जास्त पिते ना.
आणि चौथ्यावर कण्हते.
ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत.
मग हसले,
म्हणजे तार बरी आहे, पट्टी चुकतीय.

साधं. सातशेचं. झिरो बघा.
त्यांनी झिरो बघितला नाही,
डोळे मिटून नळीतला आवाज ऐकत राहिले.
मग रजई सारून एकाची तार छेडली,
खड्ड्यांनी उतरली का बघायला.

मॅनेजर केबिनमधून चपला न घालताच धावत आला,
मोबाईल बंदच्या बोर्डाकडं बोट.
हा मोबाईल नव्हे, मकबूलभाई म्हणाले.
जे असंल ते बंद करा.
मी म्हणाले, राहू द्या साहेब. दोन मिनिटं.
आवाज चढला नव्हता माझा,
पण त्यानं बोट खाली घेतलं.
पेट्रोलच्या वासात तो षड्ज उभा राहिला,
पलीकडचा ट्रकवाला काच खाली करून बघत होता.

साडेतीनशे पगारातून गेलेच.

गुरुवारी झेन परत आली, सीट मोकळी,
मागं भोपळ्याचा भुसा.
आवाज गेला का?
गेला नाही, खर्जात उतरला.
फुल करू?
दोनशेचं करा, साधं, म्हणाले,
आणि या वेळी झिरो बघितला.